रुग्णालयाची जमीन कोणाच्या आरोग्यासाठी?
पूर्व लंडनमधील दोन जुन्या वास्तूंचा धडा

रुग्णालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खाटा, औषधे, डॉक्टर आणि परिचारिका येतात. ज्या जमिनीवर ते उभे असते तिचा विचार आपण सहसा करीत नाही. परंतु इमारत जुनी होते, छत गळू लागते, नवी यंत्रसामग्री जुन्या खोल्यांत मावेनाशी होते आणि मग एक दिवस प्रश्न उभा राहतो : ह्या जागेचे आता काय करायचे? शहराच्या मध्यावरील तीन-चार एकर जमीन ही आज सोन्याच्या मोलाची असते. ती विकून पैसा उभा करायचा, की ज्या लोकांसाठी ती राखली गेली त्यांच्याच उपयोगासाठी तिला नवे रूप द्यायचे? हा प्रश्न जगातील अनेक शहरांना पडला आहे. लंडनच्या पूर्व भागात त्याची दोन उत्तरे एकाच सलग रस्त्यावर पाहावयास मिळतात. म्हणून त्यांचा परिचय वाचकांना करून देत आहोत.

पूर्व लंडनमधील टॉवर हॅम्लेट्स हा भाग पूर्वीपासून कष्टकऱ्यांचा. गोदी कामगार, शिंपी, आयरिश आणि ज्यू निर्वासित, आणि अलीकडच्या काळात बांगलादेशातून आलेली कुटुंबे ह्यांनी तो वसविला. २०२१ च्या जनगणनेनुसार तेथे ३ लाख १० हजारांहून अधिक लोक राहतात आणि इंग्लंडमधील स्थानिक प्रशासनांच्या क्षेत्रांत लोकवस्तीची घनता तेथेच सर्वाधिक आहे. शेजारीच कॅनरी व्हार्फच्या गगनचुंबी इमारतींत जगातील मोठ्या बँकांची कार्यालये आहेत. पण त्या सावलीत राहणाऱ्या अनेक कुटुंबांना दोन खोल्यांचे घरही परवडत नाही.

गरिबी आणि आजार ह्यांचे नाते येथे स्पष्ट दिसते. २००० नंतरच्या दशकात लंडनमधील आरोग्यतज्ज्ञांनी दाखवून दिले की, वेस्टमिन्स्टरपासून भुयारी रेल्वेने पूर्वेकडे निघाल्यास प्रत्येक स्थानकागणिक तेथील रहिवाशांचे सरासरी आयुर्मान सुमारे एक वर्षाने घटत जाते. सर मायकल मार्मट ह्यांच्या २०१० सालच्या प्रसिद्ध अहवालाचे सारही हेच होते : माणसाचे आरोग्य केवळ दवाखान्यात घडत नाही. घर, शिक्षण, रोजगार आणि मिळणारे वेतन ह्यांवर ते फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. हे ध्यानी घेतले म्हणजे रुग्णालयाच्या जमिनीचा प्रश्न निव्वळ बांधकामाचा राहत नाही, तो आरोग्याचाच प्रश्न ठरतो.

पहिली वास्तू व्हाइटचॅपल रस्त्यावरील रॉयल लंडन रुग्णालयाची. ही संस्था १७४० साली स्थापन झाली आणि १७५७ साली व्हाइटचॅपल येथील इमारतीत आली. त्या काळी ती देणगीदारांच्या औदार्यावर चालत असे. १९४८ साली ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा हे रुग्णालय तिच्या व्यवस्थेखाली आले. कालांतराने जुनी इमारत अपुरी पडू लागली. तेव्हा तिच्याच मागील बाजूस नवे, भव्य रुग्णालय बांधण्याचे ठरले व २०१२ साली ते सुरू झाले.

रुग्णालय जागचे हलले नाही, ही येथील सर्वांत मोलाची गोष्ट होय. रुग्णांना दूर जावे लागले नाही आणि तेथे काम करणाऱ्या हजारो लोकांचा रोजगारही त्याच वस्तीत राहिला. रिकामी झालेली जुनी दर्शनी इमारत वारसा म्हणून संरक्षित होती. २०१५ साली टॉवर हॅम्लेट्सच्या नगर प्रशासनाने ती ९० लाख पौंडांना विकत घेतली. तोवर ह्या प्रशासनाचा कारभार भाड्याच्या इमारतीतून चालत असे. जुन्या वास्तूची डागडुजी करून, तिला नव्या इमारतीची जोड देऊन २०२३ साली तेथे नगर भवन सुरू झाले. जेथे पूर्वी रुग्ण रांगेत बसत, तेथे आज नागरिक आपली गाऱ्हाणी घेऊन येतात. रस्त्याच्या पलीकडे २०२२ साली एलिझाबेथ रेल्वेमार्ग सुरू झाल्यामुळे ह्या परिसराला नवी चेतना मिळाली आहे.

तथापि ह्या कथेला दुसरी बाजूही आहे. नव्या रुग्णालयासाठी सरकारने स्वतः पैसा दिला नाही. खाजगी कंपन्यांनी कर्ज काढून इमारत बांधायची आणि रुग्णालयाने काही दशके दरवर्षी त्यांना ठरावीक रक्कम द्यायची, अशी व्यवस्था होती. सेंट बार्थोलोम्यू ह्या जोड रुग्णालयाच्या कामासह २००६ साली झालेला हा करार एक अब्ज पौंडांहून मोठा होता. त्याच्या हप्त्यांचे ओझे संस्थेवर पडले. पुढे २०१५ साली, सेवेतील उणिवा आणि आर्थिक तूट ह्यांमुळे, ह्या संस्थेवर सरकारला विशेष देखरेख बसवावी लागली. नव्या रुग्णालयाचे वरचे दोन मजले तर कित्येक वर्षे नुसता सांगाडा होऊन पडले होते. २०२० साली कोविडची साथ आली तेव्हा अवघ्या काही आठवड्यांत ते मजले सज्ज करून तेथे अतिदक्षता विभाग उघडण्यात आला. खाजगी कर्जाची ही पद्धत नव्या कामांसाठी यापुढे वापरायची नाही, असे ब्रिटिश सरकारने २०१८ साली जाहीर केले. इमारत कोणत्या पैशाने उभी राहते ह्यावर तिच्यात मिळणाऱ्या सेवेचे भवितव्य अवलंबून असते, हा येथील धडा आहे.

दुसरी वास्तू ह्याच रस्त्याने पूर्वेकडे गेल्यावर, माइल एंडच्या पुढे बो रोडवर लागते. ती सेंट क्लेमेंट्स रुग्णालयाची. १८४९ साली ती निराधारांचे श्रमगृह म्हणून बांधली गेली. गरिबाने मदत मागितली तर त्याने श्रमगृहात राहून काम करावे, असा त्या काळच्या कायद्याचा रोख होता. कालांतराने तिचे रुग्णालयात रूपांतर झाले आणि पुढे मनोरुग्णांची तेथे सेवा होऊ लागली. २००५ साली ती बंद पडली. सेवा दुसरीकडे गेली आणि एवढी मोठी वास्तू ओस पडली.

अशा जागेचे पुढे काय होते हे सर्वांना ठाऊक आहे. सर्वाधिक बोली लावणाऱ्याकडे ती जाते, महागडी घरे उभी राहतात आणि ज्यांच्या आजी-आजोबांनी त्या भिंतींआड दुःख सोसले त्यांना तेथे पाऊल ठेवणेही अशक्य होते. येथे मात्र स्थानिक लोक संघटित झाले. १९९६ साली पूर्व लंडनमध्ये नागरिकांची एक संघटना स्थापन झाली होती. कॅथलिक धर्मग्राम, इतर ख्रिस्ती मंडळ्या, मशिदी आणि शाळा असे तिचे सभासद. ह्या संघटनेने आग्रह धरला की, सार्वजनिक मालकीच्या ह्या जमिनीवरील काही घरे तरी स्थानिक माणसाच्या कमाईत बसणारी असावीत, आणि ती कायम तशीच राहावीत.

ह्यासाठी त्यांनी सामुदायिक भूमी न्यासाचा मार्ग निवडला. ह्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. घराची किंमत बाजारभावावरून ठरत नाही. त्या भागातील मधल्या उत्पन्नाच्या माणसाला किती हप्ता झेपेल ह्यावरून ती ठरते. घर घेणाऱ्याने पुढे ते विकायचे ठरविले, तर त्यालाही त्याच सूत्राने विकावे लागते. म्हणजे पहिल्या कुटुंबाला मिळालेली सवलत दुसऱ्या आणि तिसऱ्या कुटुंबालाही मिळते. मध्येच कोणी नफा खिशात घालू शकत नाही. सेंट क्लेमेंट्समध्ये एका शयनगृहाचे असे घर सुमारे १ लाख ३० हजार पौंडांना मिळाले. खुल्या बाजारात तशाच घराला सुमारे तिप्पट किंमत पडत होती. २०१७ साली पहिली कुटुंबे तेथे राहावयास आली. अशा रीतीने उभी राहिलेली लंडनमधील ही पहिलीच घरे.

मात्र आकडा सांगितल्यावाचून हे चित्र पूर्ण होणार नाही. तेथील एकूण २५२ घरांपैकी न्यासाची घरे केवळ २३ आहेत. अन्य काही घरे गृहनिर्माण संस्थेने सवलतीत दिली. तरीही बहुसंख्य घरे बाजारभावानेच विकली गेली. एवढ्या वर्षांच्या परिश्रमांनंतर २३ घरे, हे यश की अपयश? आमच्या मते ते यशच आहे, पण अपुरे. मार्ग सिद्ध झाला, परंतु त्यावरून चालणारे थोडेच राहिले.

रुग्णालयाने परिसराचे भले करण्याचा आणखी एक मार्ग आहे, आणि त्याला जमीन विकावी लागत नाही. रुग्णालय हे बहुधा त्या भागातील सर्वांत मोठे रोजगार देणारे असते. वरील नागरिक संघटनेने २००१ साली सन्मानाने जगता येईल इतक्या वेतनाची चळवळ सुरू केली, तेव्हा कंत्राटदारांकडून रुग्णालयांची झाडलोट करणाऱ्या कामगारांचा प्रश्न तिने प्रारंभीच हाती घेतला. रुग्णांची खोली स्वच्छ ठेवणारा माणूस स्वतःच अपुऱ्या वेतनामुळे दोन-दोन नोकऱ्या करून आजारी पडत असेल, तर त्या रुग्णालयाने परिसराचे आरोग्य सुधारले असे कसे म्हणावे? पूर्व लंडनला ही परंपरा नवी नाही. १८८९ साली तेथील गोदी कामगारांच्या संपात वयोवृद्ध कार्डिनल मॅनिंग ह्यांनी मध्यस्थी करून कामगारांना तासाला सहा पेन्स मिळवून दिले होते. त्यानंतर दोनच वर्षांनी पोप लिओ तेरावे ह्यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ ह्या परिपत्रकात न्याय्य वेतनाचा सिद्धान्त मांडला.

मुंबई, वसई किंवा गोवा येथेही जमिनीचे भाव गगनाला भिडले आहेत आणि जुन्या रुग्णालयांच्या इमारती थकत चालल्या आहेत. पुनर्विकासाचा प्रस्ताव पुढे येतो तेव्हा देखणी चित्रे पाहून आपण हुरळून जातो, अथवा सरसकट विरोध करतो. त्याऐवजी काही साधे प्रश्न विचारावेत. बांधकाम चालू असताना रुग्ण कोठे जातील? पैसा कोण देणार व त्याची फेड किती वर्षे चालणार? जमीन विकली जाणार की भाडेपट्ट्याने दिली जाणार? नव्या जागेत स्थानिकांना काम आणि निवारा मिळेल काय, आणि मिळाला तर तो कायम टिकेल अशी लेखी तरतूद आहे काय?

इमारती पुन्हा बांधता येतात. एकदा हातची गेलेली सार्वजनिक जमीन मात्र सहसा परत येत नाही. म्हणून हे प्रश्न करारावर सह्या होण्यापूर्वीच विचारले गेले पाहिजेत. ते विचारण्यासाठी तज्ज्ञ असावे लागत नाही. शेजारी एकत्र यावे लागतात, एवढेच.