कथा वाचणाऱ्याला माणसं अधिक कळतात का?

ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला आणि जगभरच्या वाचनप्रेमींना आनंद झाला. न्यूयॉर्कच्या न्यू स्कूल फॉर सोशल रिसर्चमधले डेव्हिड किड आणि इमान्युएल कास्तानो यांनी काही जणांना गंभीर साहित्यातली मोजकी पानं वाचायला दिली होती, काहींना रंजक कथा, तर काहींना बटाटा, बांबू अशा विषयांवरचे माहितीपर लेख. वाचन संपलं की परीक्षा. छायाचित्रात माणसाचे फक्त डोळे दिसतात आणि सोबत चार शब्द असतात. त्या माणसाच्या मनात काय चाललं असेल, ते त्यांतून ओळखायचं. केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन यांच्या या चाचणीत अशी ३६ चित्रं आहेत. गंभीर साहित्य वाचलेल्यांना तिच्यात थोडे अधिक गुण मिळाले.

प्रयोगातली एक कथा अंतोन चेकॉव्हची होती, ‘सरडा’ किंवा ‘रंगबदल्या’ म्हणता येईल अशी, १८८४ सालची. एका सोनाराच्या बोटाला कुत्रं चावतं. पोलीस अधिकारी कडक कारवाईची भाषा करतो. गर्दीतून कुणीतरी सांगतं, कुत्रं जनरलसाहेबांचं आहे. अधिकाऱ्याला एकदम उकडायला लागतं, तो शिपायाला आपला कोट काढायला सांगतो आणि सोनारालाच दरडावतो. कुत्रं जनरलचं नाही असं कळलं की तो पुन्हा सोनाराची बाजू घेतो; ते जनरलचंच आहे असं परत कानावर आलं की त्याला थंडी वाजते, पुन्हा कोट चढतो. तो घाबरला आहे, असं चेकॉव्ह कुठेही लिहीत नाही. ती भीती, ती लाचारी वाचकाने ओळखायची असते. संशोधकांचा तर्क नेमका इथेच होता. ज्या कथेत पात्रांची मनं उलगडून सांगितलेली नसतात, तिथे वाचकाचं मन कामाला लागतं. खऱ्या आयुष्यात समोरच्याला समजून घेताना हीच क्षमता लागते.

पण विज्ञानात एका प्रयोगावर थांबत नाहीत. २०१६ मध्ये तीन संशोधक गटांनी मिळून ७९२ जणांवर हाच प्रयोग केला. एक उतारा वाचल्याने काहीही फरक पडला नाही. २०१८ मध्ये ‘नेचर’ आणि ‘सायन्स’मधले सामाजिक शास्त्रांतले २१ प्रयोग पुन्हा तपासण्यात आले. त्यांतले १३ टिकले. किड-कास्तानो यांचा प्रयोग न टिकलेल्यांमध्ये होता.

मला मात्र त्या २०१६ च्या अभ्यासातली दुसरी नोंद जास्त मोलाची वाटते. सहभागींना लेखकांच्या नावांची एक यादी दिली होती. त्यात काही नावं खरी, काही बनावट. खरी नावं जितकी अचूक ओळखाल, तितकं तुमचं आजवरचं वाचन जास्त, असा अंदाज. ज्यांनी आयुष्यभर कथा-कादंबऱ्या वाचल्या होत्या, त्यांना डोळ्यांतले भाव अधिक चांगले वाचता येत होते. टोरांटोचे रेमंड मार आणि कीथ ओटली यांनाही २००६ मध्ये असंच आढळलं होतं.

मग मुळात संवेदनशील असलेली माणसंच कादंबरीकडे वळतात, असं तर नाही? ही शंका रास्त आहे. मार यांनी २००९ मध्ये स्वभावातले फरक हिशेबात धरून पाहिलं, तरी वाचनाशी असलेला संबंध उरलाच. १४ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या विश्लेषणातही कथावाचनाचा परिणाम दिसला, पण छोटा. मनुष्यस्वभावाबाबत छोटा परिणामही मी कमी मानत नाही, कारण वाचणारा माणूस वर्षानुवर्षं वाचत राहतो.

एक फरक मात्र विसरू नये. दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं वेगळं आणि त्याच्यासाठी कळवळणं वेगळं. भामट्यालाही समोरच्याचं मन अचूक वाचता येतं. डोळ्यांची चाचणी फक्त ओळखण्याची क्षमता मोजते, दया मोजत नाही.

तेव्हा शिक्षकांना आणि पालकांना एक विनंती. पाठ्यपुस्तकातल्या तीन पानांच्या उताऱ्यावर ‘यातून काय बोध मिळतो?’ हा प्रश्न विचारून थांबू नका. अख्खी ‘बनगरवाडी’ कादंबरी मुलांच्या हाती द्या आणि एखादं पात्र असं का वागलं, हे त्यांनाच शोधू द्या. आणि ते पुस्तक संपलं की लगेच दुसरं द्या.