नव्या धातूचे जुनेपण

काचेच्या कपाटात दोन गिटारी शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत. एकीचा रंग आरशासारखा चकाकतो, तिच्या खुंट्या आणि तारांखालची घोडी लखलखीत आहे. दुसरीचा रंग जागोजागी खरवडलेला, स्क्रूंच्या माथ्यांवर गंज, आणि निकेलच्या मुलाम्यावर धुक्यासारखा मळकट थर. दोन्ही एकाच कारखान्यात, एकाच वर्षी तयार झालेल्या. किमतीची चिठ्ठी पाहिली की मात्र व्यापारी मन थबकते. गंजलेल्या गिटारीचा भाव अधिक आहे!

माल मळला, वेष्टन फाटले की भाव उतरवावा लागतो, हे ज्यांनी लहानपणापासून दुकानाच्या गल्ल्यावर बसून पाहिले, त्यांना हा हिशेब उलटा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु गेली तीस वर्षे अमेरिकेत हा व्यवसाय उघडपणे चालू आहे, आणि त्यात कौशल्य, मेहनत व मोठी उलाढाल आहे. त्यात एक नाजूक सीमारेषाही आहे. ती कोठे आहे हे समजून घेणे कोणत्याही पेढीला उपयोगाचे ठरेल.

जुन्याला भाव का आला

विजेवर चालणाऱ्या गिटारीचा इतिहास फार जुना नाही. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे १९४६ मध्ये आपल्या नावाची कंपनी काढली. १९५० च्या सुमारास तिने भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. तीच पुढे टेलिकास्टर म्हणून ओळखली गेली. १९५२ मध्ये गिब्सन कंपनीची लेस पॉल आली, १९५४ मध्ये फेंडरची स्ट्रॅटोकास्टर आली. त्या काळी ही वाद्ये म्हणजे कारखान्यातून निघणारा नेहमीचा माल होता; कोणी ती तिजोरीत ठेवण्यासाठी घेत नव्हते.

१९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या प्रसारण क्षेत्रातील बड्या कंपनीने विकत घेतली. त्यानंतर मालाचा दर्जा उतरला, असे अनेक वादकांचे मत झाले आणि मालकी बदलण्यापूर्वीच्या गिटारींना मागणी येऊ लागली. पत एकदा ढळली की ग्राहक मागचा माल शोधू लागतो, हा बाजाराचा नियम येथेही खरा ठरला. जुन्या गिटारी मर्यादित आणि घेणारे वाढते. मग भाव चढत गेले.

त्यातही ज्या गिटारीवर एखाद्या मोठ्या वादकाचे आयुष्य उमटलेले असते, तिचे मोल निराळेच. आयर्लंडचे वादक रोरी गॅलघर यांनी १९६३ मध्ये कॉर्क शहरात १९६१ सालची एक स्ट्रॅटोकास्टर घेतली आणि ती जन्मभर वाजवली. घामाने आणि हाताच्या घर्षणाने तिचा रंग इतका उडाला की बहुतेक ठिकाणी नुसते लाकूड दिसते. २०२४ मध्ये लंडनच्या लिलावात ती ८,८९,४०० पौंडांना गेली आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे सुपूर्द करण्यात आली. एरिक क्लॅप्टन यांची ‘ब्लॅकी’ नावाची काळी गिटार २००४ मध्ये ९,५९,५०० डॉलरला विकली गेली. ती रक्कम त्यांनी अँटिग्वा बेटावर उभारलेल्या व्यसनमुक्ती केंद्रासाठी होती. त्या गिटारीची झीज आणि ओरखडे हुबेहूब उतरवून २००६ मध्ये तिच्या २७५ प्रतिकृती बनवण्यात आल्या.

अशी अस्सल जुनी गिटार सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेरची. पण तिचे रूप, तिचा हाताला जाणवणारा सरावलेपणा त्याला हवाच असतो. ग्राहकाची ही ओढ एका कारखान्याने ओळखली.

१९९५ ची दोन वाद्ये

फेंडर कंपनीने १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील कोरोना येथे हाताने घडवलेल्या गिटारींसाठी एक खास विभाग सुरू केला होता. जानेवारी १९९५ मध्ये अनाहाइम येथील वाद्य-व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात या विभागाने दोन गिटारी मांडल्या. एक १९५०च्या दशकातील टेलिकास्टरच्या घडणीची, दुसरी त्याच काळातील स्ट्रॅटोकास्टरच्या घडणीची. पाहणाऱ्यांपैकी अनेकांना वाटले की कंपनीने आपल्या संग्रहातील जुनी वाद्ये केवळ दाखवण्यासाठी आणली आहेत, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात दोन्ही नव्या होत्या. ‘रेलिक’ म्हणजे पुराण-अवशेष, या नावाने त्यांची विक्री सुरू झाली. सुरुवातीची काही वर्षे, १९९९ पर्यंत, हे काम विन्स क्युनेटो या कारागिराच्या मिसुरी राज्यातील कार्यशाळेत होत असे.

पुढे कंपनीने जुनेपणाच्या पायऱ्या ठरवल्या. जणू पन्नास वर्षांपूर्वी बनून गोदामातच राहिलेली आणि आज खोक्यातून काढलेली, ही पहिली पायरी. घरी आणली पण कपाटातच राहिली, म्हणून जरा पिवळसर व निस्तेज झालेली, ही दुसरी. वर्षानुवर्षे रोज रात्री रंगमंचावर वाजलेली, ही तिसरी. गिब्सन कंपनीतही टॉम मर्फी या कारागिराने हेच कसब नावारूपाला आणले आणि २०२१ मध्ये कंपनीने त्यांच्या नावाने स्वतंत्र विभाग उघडला. तेथेही अगदी हलक्यापासून अतिशय जीर्णापर्यंत प्रती ठरलेल्या आहेत. कापडाला किंवा धान्याला जशी प्रत, तशीच येथे जुनेपणाला प्रत!

डब्यातील वाफ

लाकडावरचा रंग खरवडणे एक वेळ सोपे. खरी परीक्षा धातूची. खुंट्या, घोडी, तिच्यावरची तारा पेलणारी लहान लहान सॅडल्स, पिकअपवरची झाकणे आणि डझनावारी स्क्रू, हे सगळे चकचकीत राहिले तर जीर्ण लाकडावर ते परके दिसते.

प्रत्येक धातू आपापल्या रीतीने म्हातारा होतो. १९५०च्या दशकारंभीच्या टेलिकास्टरवर पितळेची सॅडल्स होती. पितळ तळहाताच्या घामाने काळवंडते. मुलामा नसलेल्या किंवा मुलामा उडालेल्या पोलादावर तांबूस गंज चढतो. निकेलचा मुलामा हवेतील दमटपणा आणि गंधकयुक्त वायू यांनी धुरकट होतो. क्रोम मात्र हट्टी असतो. त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा घट्ट सूक्ष्म पापुद्रा असल्याने काळाची छाप त्याच्यावर सहज उमटत नाही. म्हणून जुनेपण आणण्यासाठी कारागीर बहुधा निकेलचा भाग निवडतात. सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो. जेथे हात टेकतो तेथे तो प्रथम झिजतो आणि खालचे निकेल डोकावू लागते.

रूढ पद्धत वाफेची आहे. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात तळाशी लहान वाटीत हायड्रोक्लोरिक आम्ल ठेवायचे आणि द्रवाला स्पर्श होणार नाही अशा रीतीने धातूचे भाग वर जाळीवर मांडायचे. वाफेने निकेलची चमक मरते आणि उघड्या पोलादावर गंज येतो. किती वेळ ठेवायचे, हे सर्वस्वी कारागिराच्या नजरेवर असते. थोडा वेळ जास्त झाला तर मुलामा फुटून भाग वाया जातो. काही जण फेरिक क्लोराईडचे द्रावण वापरतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या तांब्याच्या पट्ट्या कोरण्यासाठी वापरतात तेच हे रसायन. काम झाले की भाग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्ल मारायचे, स्वच्छ धुवायचे, कोरडे करून तेलाचा हात फिरवायचा. हे केले नाही तर गंज थांबत नाही आणि पुढे खुंटी फिरेनाशी होते.

हे काम घरच्या स्वयंपाकघरात करण्याचे नाही. आम्लाची वाफ डोळे आणि फुफ्फुसे जाळते. जवळ ठेवलेली इतर अवजारेही तिने गंजतात. ब्लीचिंगच्या द्रावणात आम्ल मिसळले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. उरलेल्या द्रावणात निकेल व तांब्याचे क्षार असतात, आणि ते पाण्यातील जीवांना घातक असतात; मोरीत ओतणे म्हणजे आपला छंद ओढ्यातल्या जीवांच्या माथी मारणे. म्हणून जबाबदार कारागीर उघड्या हवेत, हातमोजे व चष्मा घालून काम करतात आणि टाकाऊ द्रावण स्वतंत्र गोळा करून योग्य ठिकाणी पोहोचवतात. रसायन टाळून केवळ बारीक स्टील वूल, पॉलिश पेपर आणि धीर यांवर काम भागवणारेही आहेत.

हे सारे ऐकून सराफी व्यवसायातील वाचकांना आपल्याच बाजारातील एक वस्तू आठवेल. ती म्हणजे ऑक्सिडाइज्ड चांदीचे दागिने. गंधकयुक्त रसायनाने चांदी मुद्दाम काळी करायची आणि उठावाचा भाग घासून उजळायचा, म्हणजे नक्षी खुलते. ग्राहक ते हौसेने घेतो. त्यात कोणाचीही फसवणूक नाही, कारण दागिना नवा आहे हे घेणाऱ्यालाही ठाऊक असते आणि देणाऱ्यालाही.

खरी झीज, खोटी झीज

अडचण सुरू होते ती पुढल्या पायरीवर. अस्सल जुन्या गिटारीचे सुटे भागही आता मोठ्या किमतीला विकले जातात. एक घोडी, खुंट्यांचा एक संच, मूठभर स्क्रू यांनासुद्धा गिऱ्हाईक आहे. मग काल बनलेला भाग आज डब्यात धुरकट करून उद्या १९५०च्या दशकातला म्हणून विकण्याचा मोह होतो. वाटी तीच, आम्ल तेच, हातही कदाचित तोच. बदलते ते केवळ विकणाऱ्याच्या तोंडचे वाक्य.

जाणकार म्हणूनच झीज डोळसपणे वाचतात. खऱ्या झिजेला कारण असते. वादकाचा तळहात जेथे टेकतो तेथले स्क्रू गंजतात, बोटे पोहोचत नाहीत तेथली चमक टिकून राहते. लाकडात रुतलेले स्क्रूचे आटे तुलनेने स्वच्छ राहतात आणि माथाच काय तो काळवंडतो. डब्यातील वाफ हा भेद जाणत नाही. ती वरखाली, आतबाहेर सारखीच पसरते. माथा आणि आटे दोन्ही एकसारखे गंजलेले दिसले की पारखी सावध होतो. आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागावर पुष्कळदा अंक उमटवलेले असतात. पहिले तीन अंक उत्पादकाचे आणि पुढचे वर्षाचे व आठवड्याचे. गिटार १९५७ची सांगितली आणि आतला भाग १९६६चा निघाला, तर निदान तो भाग तरी नंतर बसवलेला आहे हे उघड होते. एका खुणेवर विसंबून कोणी निर्णय देत नाही. लाकूड, रंग, तारांचे डाख आणि धातू या सर्वांची साक्ष जुळावी लागते.

परंतु कसबी कारागीर या खुणाही जाणतो. आटे झाकून केवळ माथा गंजवणे त्याला अशक्य नाही. म्हणजे पारख कितीही तीक्ष्ण झाली तरी शेवटचा भरवसा वस्तूवर ठेवता येत नाही. तो विकणाऱ्या माणसावरच ठेवावा लागतो.

बिलावरचा शब्द

या व्यवसायातील नामवंत कारखान्यांनी येथेच शहाणपण दाखवले आहे. गिटार कितीही जीर्ण दिसो, ती कधी आणि कोठे घडली हे सांगणारे प्रमाणपत्र व क्रमांक तिच्यासोबत दिला जातो. ‘रेलिक’ हे नावच ग्राहकाला सांगते की हे जुनेपण घडवलेले आहे. ग्राहक जो अधिक पैसा मोजतो तो वयासाठी नव्हे, कारागिराच्या तासांसाठी. हा सौदा सरळ आहे.

आपल्या परंपरेत या भेदाला फार पूर्वीच नाव मिळालेले आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ हा एक आहे: अस्सलाच्या नावाखाली नक्कल खपवणे. सारखी दिसणारी वस्तू घडवण्याला दोष दिलेला नाही. दोष तिच्या व्यवहाराला आहे. शिवाय त्याची गणना केवळ असत्यात नव्हे, तर चोरीच्या प्रकरणात केली आहे. कारण खोट्या वयाचा भाव घेणारा गिऱ्हाइकाच्या खिशातून तेवढी रक्कम न विचारताच काढून घेत असतो.

यात एक कसोटी आणखी आहे, आणि ती विक्रीच्या दिवशी लागत नाही. प्रामाणिकपणे विकलेली कृत्रिम जुनी गिटार दहा वर्षांनी दुसऱ्याच्या हाती जाते, मग तिसऱ्याच्या. तोवर प्रमाणपत्र हरवलेले असते, तोंडी सांगितलेले विस्मरणात जाते, आणि वाफेने आणलेला गंज दिवसेंदिवस अधिक खरा दिसू लागतो. पहिल्या विक्रेत्याच्या मनात कपट नसतानाही चौथा ग्राहक फसू शकतो. म्हणून जाणते कारागीर आपली खूण गिटारीच्या मानेखाली, सांध्याच्या आत, सहज पुसता येणार नाही अशी उमटवतात. बाहेरून ती दिसत नाही. पण जो खोलून पाहील त्याला खरे ते सांगते.

चांदीची मूर्ती असो, पितळेची समई असो की लाकडी झरोका, आज घराघरांत जुन्या रूपाच्या वस्तूंची आवड वाढते आहे, आणि तो माल अनेक पेढ्यांवर येतो. तो विकण्यात कमीपणा काही नाही. बिलावर ‘जुने’ लिहायचे की ‘जुन्या घडणीचे’, एवढाच प्रश्न आहे. त्या एका शब्दासाठी आज भाव थोडा कमी येईल. पण पेढीच्या नावावर जो थर वर्षांनुवर्षे चढत जातो, तो कोणत्याही डब्यातल्या वाफेने आणता येत नाही.