हुकमाकडून नियमाकडे : पनवेल परिसरातील कामाच्या शिस्तीचा मागोवा

पनवेल हे 1852 साली नगरपरिषद लाभलेले बंदराचे आणि बाजारपेठेचे जुने गाव असले, तरी त्याच्या आजच्या कामगारजीवनाची घडण प्रामुख्याने गेल्या सहा दशकांतील आहे. 1960 साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा रसायनी येथील कारखाना, तळोजा आणि पाताळगंगा येथील औद्योगिक वसाहती, कळंबोलीचा पोलाद बाजार, 1989 साली सुरू झालेल्या न्हावा शेवा बंदरामुळे वाढलेली गोदामे व कंटेनर यार्ड, आणि 1 ऑक्टोबर 2016 रोजी अस्तित्वात आलेली पनवेल महानगरपालिका असा हा विस्तार आहे. कारखाना, बाजार आणि नागरी सेवा या प्रत्येक ठिकाणी कर्मचाऱ्याचे वर्तन सुधारण्याची वेगळी पद्धत रुजली. त्या पद्धतींचा एकत्रित मागोवा घेतला असता असे दिसते की, ज्या ठिकाणी नियम लेखी होता, कर्मचाऱ्याचे म्हणणे ऐकण्याची सोय होती आणि वरिष्ठही त्याच नियमाने बांधलेला होता, त्या ठिकाणी शिस्तीला टिकाऊ पाया मिळाला. जिथे यांपैकी काहीच नव्हते, तिथे शिस्त मुकादमाच्या किंवा मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहिली.

कारखान्यातील शिस्तीचा पाया 1946 च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) अधिनियमाने घातला. स्थायी आदेश म्हणजे कामाच्या पाळ्या, हजेरी, रजा, गैरवर्तन आणि त्याची शिक्षा यांविषयीचे, शासकीय अधिकाऱ्याने प्रमाणित केलेले सेवानियम होत. ते इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत कारखान्याच्या प्रवेशद्वाराजवळ लावण्याचे बंधन कायद्याने घातले. मूळ कायदा शंभर किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी होता, परंतु महाराष्ट्राने ही मर्यादा पन्नासवर आणल्यामुळे तळोज्यासारख्या वसाहतीतील मध्यम आकाराचे कारखानेही त्याच्या कक्षेत आले. राज्याच्या 1959 च्या नियमांबरोबर आलेल्या आदर्श स्थायी आदेशांत हेतुपुरस्सर आज्ञाभंग, चोरी, नशेत कामावर येणे, दंगामस्ती, सवयीची उशिरा हजेरी आणि रजेशिवाय सलग दहा दिवसांहून अधिक गैरहजेरी अशी गैरवर्तने नावानिशी मांडली गेली, आणि शिक्षेची उतरंडही ठरली. ताकीद, दंड, चार दिवसांपर्यंत निलंबन आणि शेवटी बडतर्फी अशी ती उतरंड होती. शिक्षा ठरवताना गैरवर्तनाचे गांभीर्य आणि कामगाराची मागील नोंद विचारात घेतली पाहिजे, ही त्यातील अट सर्वांत मोलाची ठरते. कारण एका चुकीवरून संपूर्ण माणसाचा निकाल लावू नये, हे तत्त्व तिने व्यवहारात आणले.

गंभीर आरोपाच्या प्रसंगी कारखान्यातच जी चौकशी होते, तिला अंतर्गत चौकशी म्हणतात. तीत आरोपपत्र दिले जाते, कामगाराचा खुलासा घेतला जातो, साक्षीदारांची उलटतपासणी करण्याची आणि सहकाऱ्याकडून बचाव मांडण्याची संधी मिळते, आणि त्यानंतर चौकशी अधिकारी निष्कर्ष नोंदवतो. हीच नैसर्गिक न्यायाची, म्हणजे बाजू ऐकल्याशिवाय कोणासही दोषी न ठरवण्याची, रीत होय. 1971 च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद अधिनियमात कलम 11 अ आले आणि बडतर्फीची शिक्षा योग्य आहे की नाही हे तपासून ती कमी करण्याचा अधिकार कामगार न्यायालयाला मिळाला. त्याच वर्षी महाराष्ट्राने कामगार संघांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबत स्वतंत्र कायदा केला. त्याने सूडबुद्धीने किंवा किरकोळ चुकीसाठी अवाजवी शिक्षा म्हणून कामावरून काढणे ही मालकाची अनुचित प्रथा ठरवली, तशीच बळजबरी, घेराव आणि मुद्दाम काम मंदावणे ही संघटनांची अनुचित प्रथा ठरवली. शिस्तीचा भंग दोन्ही बाजूंकडून होऊ शकतो, हे अशा रीतीने कायद्याने स्पष्टपणे मान्य केले. पुढे स्थायी आदेश अधिनियमातील 1982 च्या दुरुस्तीने निलंबित कामगारास पहिले नव्वद दिवस निम्मे वेतन, आणि विलंब त्याच्यामुळे झालेला नसल्यास त्यानंतर पाऊण वेतन, निर्वाह भत्ता म्हणून मिळू लागले. चौकशीच्या काळात घरची चूल बंद पडू नये, एवढी माणुसकी नियमात आली.

कळंबोलीच्या पोलाद बाजारात मात्र शिस्तीची रचना निराळी होती, कारण तेथील माथाडी कामगाराचा कोणी एक कायमचा मालक नसतो. अण्णासाहेब पाटील यांनी उभारलेल्या चळवळीतून 1969 साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम झाला आणि मालक, कामगार व शासन यांच्या प्रतिनिधींची मंडळे स्थापन झाली. कामगार मंडळाकडे नोंदवला जातो, टोळीत काम करतो, आणि त्याची मजुरी लेव्हीसह, म्हणजे भविष्यनिर्वाह निधी व अन्य लाभांसाठीच्या जादा आकारणीसह, मंडळाकडे जमा होते. कामगाराच्या कसुरीची चौकशी मंडळ करते आणि नियम मोडणाऱ्या नोंदित मालकावरही कारवाईची तरतूद असते. त्यामुळे ज्या हमालाचा रोजगार पूर्वी मुकादमाच्या शब्दावर चालत असे, त्याला प्रथमच तक्रार करण्याची आणि उत्तर देण्याची जागा मिळाली.

शासकीय व नागरी सेवेत शिस्तीचा अर्थ नागरिकांप्रतीच्या कर्तव्याशी जोडला गेला. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम आणि महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम हे दोन्ही 1979 चे असून, पहिल्यात कर्मचाऱ्याने कसे वागावे आणि दुसऱ्यात तसे न वागल्यास कोणत्या क्रमाने कारवाई करावी हे सांगितले आहे. कामाची मांडणी सुधारली की वर्तन सुधारते, ही दृष्टी 1980 च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी अभिलेखांची व कार्यालयाची केलेली पुनर्रचना, म्हणजेच ‘लखिना पॅटर्न’, यातून महाराष्ट्रापुढे आली. 2005 च्या बदल्या व दप्तरदिरंगाई यांविषयीच्या कायद्याने कोणतीही नस्ती, म्हणजे फाइल, एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ पडून राहू नये असे बंधन घातले, तर 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने सेवा ठरलेल्या मुदतीत न देणाऱ्या अधिकाऱ्यास 500 ते 5000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. 2016 साली जुनी नगरपरिषद, सिडकोच्या वसाहती आणि 29 गावे एका महानगरपालिकेखाली आली, तेव्हा ग्रामपंचायतीच्या, नगरपरिषदेच्या आणि महानगराच्या कामाच्या सवयी एका नियमाखाली आणण्याचे काम पनवेलपुढे उभे राहिले. 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि कामाची वेळ सकाळी 9.45 ते सायंकाळी 6.15 अशी वाढवण्यात आली. विश्रांतीचे दिवस वाढले, त्यासोबत वेळ पाळण्याची जबाबदारीही वाढली.

स्त्री कर्मचाऱ्यांच्या बाबतीत मात्र वर्तनाचा नियम फार उशिरा आला. 1997 च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने तक्रार समिती नेमण्याचे निर्देश दिले, आणि नंतर 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक केली. तोपर्यंत स्त्रीला झालेला त्रास बहुधा खासगी बाब मानला जाई. आता तो कामाच्या शिस्तीचा भंग मानला जातो, आणि वरिष्ठ हुद्द्यावरील व्यक्तीलाही समितीपुढे उत्तर द्यावे लागते.

या साऱ्या वाटचालीतील सर्वांत कच्चा दुवा कंत्राटी कामगाराचा आहे. कायम कामगाराला आरोपपत्र आणि चौकशी मिळते, तर त्याच यंत्रावर काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला पुष्कळदा फक्त ‘उद्यापासून येऊ नको’ एवढेच ऐकावे लागते, आणि त्याच्यासाठी कारखान्याचे गेट बंद होते. अशा ठिकाणी कामगार चूक कबूल करण्याऐवजी लपवतो, आणि रसायनांच्या कारखान्यात लपवलेली चूक अनेकांच्या जिवावर बेतू शकते.

21 नोव्हेंबर 2025 पासून स्थायी आदेशांच्या जुन्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता 2020 लागू झाली. निलंबनानंतरची चौकशी सर्वसाधारणपणे नव्वद दिवसांत संपवावी, ही तिच्यातील तरतूद स्वागतार्ह आहे. कारण वर्षानुवर्षे रेंगाळणारी चौकशी निर्दोष माणसालाही शिक्षा देऊन जाते. परंतु स्थायी आदेशांची मर्यादा तीनशे कामगारांवर गेल्यामुळे, पन्नास ते तीनशे कामगारांच्या आस्थापनांवरील लेखी सेवानियमांचे बंधन सैल झाले आहे. अशा आस्थापनांनी कायद्याची सक्ती नसली तरी आपले नियम मराठीत लिहून प्रवेशद्वाराशी लावावेत, पहिल्या चुकीला ताकीद आणि मोठ्या आरोपाला चौकशी हा क्रम सोडू नये, आणि कंत्राटी कामगारालाही आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी. कामगार नियम पाळतो, ते हा नियम आपल्यालाही न्याय देईल या खात्रीने, आणि ती खात्री टिकवणे हे प्रत्येक व्यवस्थापनाचे पहिले कर्तव्य आहे.