जुना कॉम्प्युटर घेताय? पैसे देण्याआधी हार्ड डिस्क तपासा

सूरजागड, एटापल्ली, आलापल्ली या पट्ट्यात सेवा केंद्र किंवा झेरॉक्स-फोटोचं दुकान टाकायचं म्हटलं की सुरुवात बहुतेक वेळा जुन्या कॉम्प्युटरने होते. त्यात चूक काहीच नाही, भांडवल वाचतं. पण कीबोर्ड खराब निघाला तर दुसरा आणता येतो. हार्ड डिस्क गेली तर तिच्यावरचे लोकांचे कागद जातात. वनहक्क दाव्याचे स्कॅन, जातीचे दाखले, सातबारे, कुणाच्या लग्नाचे फोटो. समोर उभ्या गिऱ्हाइकाला "डिस्क उडाली" हे उत्तर चालत नाही.

म्हणून आज बॅड सेक्टर कसे शोधायचे ते बघू. डिस्कवरची जागा छोट्या छोट्या खणांत वाटलेली असते. एक खण म्हणजे एक सेक्टर, ५१२ किंवा ४०९६ बाइटचा. ज्या खणातलं डिस्कला नीट वाचता येत नाही तो बॅड सेक्टर. डिस्ककडे काही राखीव खण असतात. खराब खणाच्या जागी ती गुपचूप राखीव खण वापरते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

आपल्याकडे लोक लाल धुळीला दोष देतात. ट्रकांच्या रस्त्यालगत दुकान असेल तर धूळ येणारच, पण ती डिस्कच्या आत सहसा जात नाही. ती पंख्यात बसते, पंखा मंदावतो आणि डिस्क तापते. खरा त्रास विजेचा. लिहिणं चालू असताना लाइट गेली तर तो खण अर्धवट राहतो आणि नंतर वाचता येत नाही. अशा खणावर पुन्हा लिहिलं की बऱ्याचदा तो सुधारतोही. (गंमत बघा, १९५६ साली आलेल्या पहिल्या हार्ड डिस्कवर लोखंडाच्या ऑक्साइडचाच थर होता. म्हणजे आपल्या डोंगरातल्या मालाचाच भाऊबंद!)

आता कामाचं. कॉम्प्युटर बघायला जाताना लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह खिशात ठेवा. उबुंटू फुकट आहे. पेनड्राइव्हवरून ते सुरू केलं की आतल्या विंडोजला हात लागत नाही. विकणाऱ्याला तसं आधीच सांगा, नाहीतर तो घाबरतो. उबुंटूत 'डिस्क्स' नावाचं ॲप असतं. ते उघडा, डिस्क निवडा आणि मेनूतून 'स्मार्ट डेटा' बघा. इंटरनेट लागत नाही. कमांडने करायचं असेल तर 'स्मार्टसीटीएल' आहे, पण ते बहुधा वेगळं टाकावं लागतं. कमांड आणि त्यांचं स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर दिलं आहे.

स्मार्ट म्हणजे डिस्कने स्वतःच लिहिलेली वही. त्यात चार नोंदी बघायच्या. पाच नंबरची नोंद, बदललेले खण. १९७, संशयित म्हणून बाजूला ठेवलेले खण. १९८, वाचताच न आलेले. या तिन्हींसमोर शून्य हवं. आणि नऊ नंबरला डिस्क एकूण किती तास चालली ते दिसतं. "वर्षभरच वापरलाय" असं विकणारा म्हणतो आणि वहीत २६,००० तास निघतात! वर्षाचे सगळे मिळून तास ८,७६०. रात्रंदिवस चालू ठेवला तरी हे तीन वर्षांचे झाले. आता भावाचं बोलणं तुमच्या हातात आहे. एक सावधगिरी मात्र ठेवा. वर मोठ्या अक्षरात 'पास' लिहिलेलं असलं तरी खाली १९७ समोर आकडा असू शकतो. तेव्हा 'पास'वर भुलू नका.

वही बरी दिसली आणि सौदा झाला की घरी आणून पूर्ण तपासणी करा. त्यासाठी 'बॅडब्लॉक्स' ही कमांड. आधी 'एलएसबीएलके' टाइप करून डिस्कचं नाव नीट बघा, एसडीए की एसडीबी. मग सुडो, बॅडब्लॉक्स, डॅश एसव्ही आणि डिस्कचा पत्ता. 'एस'ने किती टक्के झालं ते दिसतं, 'व्ही'ने सविस्तर माहिती. ही साधी तपासणी फक्त वाचते, डेटाला धक्का लावत नाही. पण डॅशपुढे 'डब्ल्यू' गेला तर अख्ख्या डिस्कवर नवीन लिहिलं जातं आणि जुनं सगळं पुसतं. नाव चुकून दुसऱ्याच डिस्कचं पडलं तर तीही गेली. एंटर दाबण्याआधी ओळ दोनदा वाचा.

वेळ लागतो. सेकंदाला शंभर एमबीच्या वेगाने एक टीबीला जवळपास तीन तास. जुन्या यूएसबी केबलने जोडली असेल तर रात्र जाते. मध्येच लाइट गेली तर साधारण पुन्हा पहिल्यापासून, म्हणून इन्व्हर्टरवर किंवा चांगल्या बॅटरीच्या लॅपटॉपला जोडून करा. शेवटी शून्य बॅड ब्लॉक्स दिसलं की कामाला लावा.

पण डिस्कवर आधीच महत्त्वाचा डेटा असेल आणि ती अडखळत असेल, तर हा क्रम उलटा करा. बॅडब्लॉक्स चालवायचंच नाही. मरायला टेकलेल्या डिस्कला तीन तास पळवलं तर ती त्यातच जाईल. आधी 'जीएनयू डीडीरेस्क्यू'ने दुसऱ्या डिस्कवर नक्कल काढा. ते आधी सोपं सगळं उचलतं आणि अडलेल्या जागांवर नंतर परत येतं. सोबत मॅपफाइल दिली तर लाइट गेल्यावर जिथे थांबलं तिथूनच पुढे चालतं. ती फाइल मात्र तिसऱ्या ठिकाणी ठेवा, खराब डिस्कवर नको.

आणि बॅड सेक्टर निघालेच तर? एखाद-दोन असतील आणि महिनाभर आकडा तिथेच थांबला असेल तर ती डिस्क सिनेमे-गाणी ठेवायला वापरा. आकडा आठवड्यागणिक वाढत असेल तर ती सरळ काढून टाका. "बॅड सेक्टर रिपेअर करून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका, तो फार तर खराब जागा झाकून देतो. टाकायच्या आधी लोकांचे कागद पुसायला विसरू नका. मघाशी ज्याला हात लावू नका म्हटलं, तो 'डब्ल्यू' इथे वापरायचा.