मागितलं दीड वर्षांचं बाळ, दारात आला १५ वर्षांचा पोरगा! एका स्वल्पविरामाने घातलेल्या गोंधळाचा सिनेमा

आपल्याकडे दीड लिहायचं तर १.५, म्हणजे मध्ये टिंब. स्वीडनमध्ये मात्र टिंबाच्या जागी स्वल्पविराम देतात, १,५ असा. आता हा स्वल्पविराम चुकून पडला असेल तर? दीडचे थेट १५ होतात.

एवढ्याशा चुकीवर २००८ साली एक स्वीडिश सिनेमा आला, 'पॅट्रिक १,५'. दिग्दर्शिका एला लेमहागेन.

गोष्ट काय आहे?

यॉरान आणि स्वेन हे समलिंगी जोडपं शहराबाहेरच्या टापटीप वसाहतीत नवं घर घेतं. यॉरान डॉक्टर, त्याला मुलांची भारी हौस. स्वेनचं आधी लग्न झालेलं, त्याला एक किशोरवयीन मुलगी आहे, त्यामुळे पुन्हा बाप व्हायला तो जरा कचरतोच.

दत्तक घ्यायला सरकारी मंजुरी मिळते, पण मूल काही मिळत नाही. मग एक दिवस पत्र येतं: पॅट्रिक, वय १,५. पाळण्याची खोली सजते. आणि दारात उभा राहतो १५ वर्षांचा पॅट्रिक! पोलिसांत नोंद असलेला आणि समलिंगी लोकांचा मनापासून तिटकारा करणारा.

त्याला लगेच परत पाठवणं काही जमत नाही. त्याला या दोघांची धास्ती, या दोघांना त्याची. सिनेमातला विनोद इथूनच येतो. तिघांपैकी कुणालाच हे घर असं नको असतं.

मंजुरी असून मूल का मिळत नाही?

हा प्रश्न सिनेमापुरता नाही. स्वीडनमध्ये नोंदणीकृत समलिंगी जोडप्यांना दत्तक घेण्याचा हक्क २००३ मध्ये मिळाला, लग्नाचा त्यानंतर सहा वर्षांनी, २००९ मध्ये. पण तिथे दत्तक येणारी बरीचशी मुलं परदेशातली असायची, आणि समलिंगी जोडप्याला मूल द्यायला बहुतेक देश तयार नसत. म्हणजे कायदा हो म्हणतो, पण दार काही उघडत नाही. यॉरान आणि स्वेन नेमके तिथेच अडकलेले दिसतात.

भारतात काय स्थिती आहे?

इथे एकटी व्यक्ती दत्तक घेऊ शकते, पण एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही. जोडप्याने घ्यायचं तर किमान दोन वर्षांचा स्थिर वैवाहिक संसार हवा. समलिंगी लग्नाला कायद्यात जागा नसल्याने ती दोघं 'जोडपं' म्हणून अर्जच करू शकत नाहीत. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ३ विरुद्ध २ अशा मताने हा नियम कायम ठेवला.

याचा अर्थ असा की मूल दोघांनी मिळून वाढवलं, तरी कागदावर पालक एकच. उद्या त्या एकाला काही झालं, तर दुसऱ्याचं मुलाशी कायदेशीर नातं काहीच उरत नाही.

मग सिनेमा का बघावा?

कारण तो भाषण देत नाही. पॅट्रिकला बागकामाची चांगली जाण आहे हे हळूहळू कळतं, आणि नाकं मुरडणारे शेजारीही त्याला ओळखू लागतात. दुसरीकडे स्वेन आणि यॉरानच्या नात्यालाच तडे जातात. मूल हवं म्हणणं आणि दारात आलेल्या मुलाला सांभाळणं, यात किती अंतर असतं ते इथे हसत हसत दिसतं.

शेवटी कोण कुणाचं होतं, ते मात्र सिनेमातच बघा.