कारण नसलेल्या मारहाणीचे कारण

कर्जत, प्रतिनिधी : बोरघाट चढण्यासाठी गाड्यांना कर्जतला जादा इंजिन लागते; येथूनच निघणारा एक फाटा खालापूर तालुक्यातील खोपोलीला जातो. रेल्वेच्या नोकरीसाठी परगावाहून आलेल्या माणसाने निवारा शोधणे, हा प्रसंग या परिसराला नवा नाही. मराठीतील एका श्रेष्ठ कथेचा प्रारंभ अशाच साध्या प्रसंगातून होतो आणि ती पोहोचते एका भीषण मारहाणीपर्यंत. बाबूराव बागूल यांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही ती कथा. याच शीर्षकाचा त्यांचा कथासंग्रह १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला.

गुजरातमधील उधना येथे रेल्वेत रुजू झालेला सुशिक्षित दलित तरुण आपली जात उघड करीत नाही. सहकारी त्याला उच्चवर्णीय समजतात. त्याच्या कवितेवर लुब्ध झालेला रामचरण तर त्याला घरी जेवावयास नेतो. मात्र जात कळताच हीच माणसे त्याच्यावर तुटून पडतात. काशिनाथ हा सहकारी धावून येतो, म्हणून तो वाचतो.

खलनायकाविना हिंसा

या मारहाणीत वरकरणी काहीच अर्थ दिसत नाही. तरुणाने कोणाचे काही चोरलेले नाही, कोणाला दुखावलेले नाही. त्याचे काम तेच आहे आणि कविताही तीच. बदललेली असते ती केवळ इतरांना मिळालेली माहिती. मारणारेही सराईत गुंड नव्हेत, तर कालपर्यंत आदर करणारे स्नेही आहेत. कथेतील खरी भीती येथेच आहे.

अमेरिकन लेखिका शर्ली जॅक्सन यांच्या १९४८ मधील 'द लॉटरी' या कथेतही शेजारीच शेजारणीला दगडांनी मारतात. तेथे गावाला प्रथेचे मूळ प्रयोजन आठवत नाही. बागुलांच्या कथेत मात्र ते सर्वांना पाठ आहे. म्हणूनच मार खाल्लेला तरुण अखेरीस दोष सहकाऱ्यांना देत नाही. हा मार मनूने दिला, असे तो मानतो.

महाडचा दाखला

ही केवळ कल्पना नव्हे. आजच्या रायगड, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. ते वीरेश्वराच्या मंदिरातही शिरणार, अशी अफवा त्यानंतर उठली आणि परिषदेला आलेल्यांना जमावाने मारहाण केली. तेथेही हिंसेला एक वावडी पुरली.

राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली; १९८९ मध्ये अत्याचार प्रतिबंधक कायदाही आला. मारहाण झाल्यावर कायदा धावून येऊ शकतो. पण बागुलांच्या कथेत मारहाणीची सुरुवात पहिल्या ठोशाने होत नाही. ती खोली देण्यापूर्वी विचारलेल्या जातीच्या प्रश्नाने होते. नवनव्या वसाहतींमध्ये भाडेकरूचे आडनाव आजही बारकाईने ऐकले जाते, तेव्हा ही कथा जुनी झाली, असे म्हणणे कठीण आहे.