ध्रुवावरचे पाहुणे आणि घरचे

मी मराठीचा अध्यापक. विज्ञानाशी माझा संबंध शाळेबरोबरच संपला होता. पण मे २०२४ मध्ये आमच्या माणच्या घरी अशी गोष्ट घडली, की मला पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले.

माझा भाचा हिंजवडीला संगणकाच्या नोकरीत आहे. त्याने लडाखमधल्या हानले येथील रात्रीच्या आकाशाचे छायाचित्र दाखविले. क्षितिजावर लाल प्रकाश पसरलेला! पंचाहत्तरीच्या माझ्या आईने विचारले, "अरे, एवढा गुलाल तिथं आला कुठून?"

"सूर्यावरून, आई," मी मास्तरी थाटात सांगून टाकले.

"मामा, तुम्ही आजीला अर्धंच सांगितलंत," भाचा म्हणाला. अर्ध्या उत्तराला मी वर्गात अर्धेच गुण देतो. तेव्हा गप्प बसणे शक्य नव्हते. पुस्तके चाळली, भाच्याला छळले. हाती आले ते असे.

सूर्यापासून विद्युत्भारित कणांचा वारा सतत वाहतो. सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर या वेगाने तो चारेक दिवसांत पृथ्वीजवळ येतो. पृथ्वीचे चुंबकत्व त्याला ढालीसारखे अडवते. पण दोन्ही ध्रुवांकडे या ढालीत खिंडी आहेत. काही कण तेथून थेट उतरतात, तर काही पृथ्वीमागे लांबवर पसरलेल्या चुंबकीय शेपटीत शिरून तेथून ध्रुवांकडे फेकले जातात. येथवर माझे उत्तर बरोबर होते.

परंतु १९७२ मध्ये शास्त्रज्ञांनी एक नवल जाहीर केले. चुंबकीय वादळात वरून येणाऱ्या कणांत उपग्रहांना ऑक्सिजन सापडला होता, आणि तो सूर्याचा नव्हता! हे कसे ओळखले? बोलीवरून माणसाचे गाव ओळखावे, तसे. सूर्याच्या भयंकर दाहात ऑक्सिजनचे सहा-सात इलेक्ट्रॉन गळून पडतात. या कणांचा एकच गळाला होता. म्हणजे हा ऑक्सिजन पृथ्वीच्याच हवेतला!

घरचे हे कण वर चढतात कसे? हलके इलेक्ट्रॉन आधी वर निसटतात आणि मागे राहिलेल्या जड कणांना ओढू लागतात. २०२२ मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरून सोडलेल्या अग्निबाणाने ही ओढ मोजली. ती भरली अवघी ०.५५ व्होल्ट, घड्याळातल्या सेलच्या निम्म्याहूनही कमी! हायड्रोजनला तेवढी पुरते. ऑक्सिजन जड, त्याला ध्रुवप्रदेशातल्या विद्युत्प्रवाहांची आणि लहरींची ऊबही लागते. वर गेलेले काही कण अवकाशात कायमचे जातात, काही शेपटीत पोचून माघारी फिरतात.

हे सारे दूरच्या ध्रुवावरचे, असे मात्र समजू नका. वादळात शेपटीतले कण पृथ्वीभोवती, विषुववृत्ताच्या वर, कडे करून फिरतात. त्या कड्यातल्या विद्युत्प्रवाहाने जमिनीवरचे चुंबकीय बल घटते. २ सप्टेंबर १८५९ रोजी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत ते सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरले होते. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, हे ओळखून नानाभाई मूस यांच्या कारकीर्दीत १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. मोठ्या वादळात या कड्यात घरच्या ऑक्सिजनचा वाटा फार वाढतो. अलिबागची नोंद खाली ओढण्यात आपल्याच हवेचाही हात असतो म्हणायचा!

ही चौकशी रिकामटेकडी नव्हे. मार्च १९८९ च्या अशाच वादळात कॅनडातील क्विबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास गेली. माण-हिंजवडीचा सारा कारभार विजेवर चालतो. वादळ किती वाढेल हे सांगायचे, तर पाहुण्यांबरोबर घरचेही मोजावे लागतात.

हे सगळे आईला सांगितले. शिवाय तो लाल रंगही दोनशे किलोमीटरांहून उंचावरच्या, आपल्याच ऑक्सिजनचा, हेही. तिने क्षणभर विचार केला.

"म्हणजे गुलाल घरचाच. सूर्यानं फक्त उधळला!"

मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले.